स्तनाचा कर्करोग, अमेरिकेचा कायदा आणि दाराबाहेर राहिलेले पुरुष

२०११ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात एका तरुण कामगाराच्या छातीतील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले. उत्पन्न बेताचे, आरोग्यविमा नाही. गरिबांच्या वैद्यकीय खर्चासाठी असलेल्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेत स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक स्वतंत्र तरतूद होती. त्याने तिच्याखाली अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण एकच होते : अर्जदार पुरुष होता.

ही बातमी देशभर गाजली. राज्याच्या अधिकाऱ्यांनाही हा निर्णय मान्य नव्हता, म्हणून त्यांनी संघराज्य सरकारकडे दाद मागितली. वॉशिंग्टनहून उत्तर आले की कायद्याच्या शब्दांत पुरुष बसत नाही, आणि शब्द बदलण्याचा अधिकार खात्याला नाही. गंमत अशी की ज्या कायद्याचा हवाला दिला जात होता, त्याच्या पात्रतेच्या कलमात ‘स्त्री’ हा शब्दच नव्हता. तिथे ‘व्यक्ती’ असे लिहिलेले होते. मग पुरुष अडला कुठे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

पुरुषाला हा रोग होतो, ही वैद्यकाला नव्याने कळलेली गोष्ट नाही. १८६२ साली एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने इजिप्तमधील लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही नक्कल त्याहूनही जुन्या मजकुरावरून उतरवलेली आहे. जखमा आणि गाठींची ४८ प्रकरणे तीत नोंदलेली आहेत. पंचेचाळिसाव्या प्रकरणात छातीवरच्या थंड, टणक, फुगीर गाठींचे वर्णन येते आणि अशा रुग्णावर उपचार नाही, एवढाच निर्वाळा दिलेला आहे. स्तनाच्या कर्करोगाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख म्हणून त्याकडे बोट दाखवले जाते, आणि तो रुग्ण पुरुष असावा असे मानणारे अभ्यासक आहेत. चौदाव्या शतकातील इंग्रज शल्यवैद्य जॉन आर्डर्न याच्या लिखाणात तर शंकेला जागाच नाही. तिथला रुग्ण एक ख्रिस्ती धर्मगुरू आहे.

शरीरशास्त्रही यात काही आडपडदा ठेवत नाही. स्तनाच्या ऊती मुलामुलींना जन्मतः सारख्याच असतात. पुढे मुलींमध्ये संप्रेरकांमुळे त्यांची वाढ होते, मुलांमध्ये ती थांबते. मात्र त्या ऊती नाहीशा होत नाहीत. अमेरिकेत दर वर्षी अडीच ते तीन हजार पुरुषांना हा रोग होतो आणि सुमारे पाचशे त्याने दगावतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत पुरुष एकाहूनही कमी.

या थोड्या रुग्णांनी विज्ञानाला मात्र भरपूर दिले आहे. १९४२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरिअल रुग्णालयातील फॅरो आणि अडेअर या डॉक्टरांनी दाखवून दिले की पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग हाडांत पसरल्यावरही वृषण काढून टाकले तर त्या गाठी ओसरू शकतात. हा रोग संप्रेरकांवर पोसला जातो, या जाणिवेला त्यातून बळ मिळाले. १९९४ साली ब्रिटनमधील मायकल स्ट्रॅटन यांच्या गटाला आढळले की ज्या घराण्यांत पुरुषांनाही हा रोग झाला होता, त्यांचा आजार नुकत्याच गवसलेल्या बीआरसीए-१ या जनुकाशी जुळत नाही. म्हणजे दुसरे एखादे जनुक असले पाहिजे. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ निश्चित झाले. आज कोट्यवधी स्त्रियांच्या आनुवंशिक तपासणीत ज्या जनुकाचे नाव येते, त्याच्या शोधाच्या वाटेवर या पुरुषांची घराणी उभी आहेत.

तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा रोग पूर्णपणे स्त्रियांचा झाला. त्याचे श्रेय, आणि हे श्रेयच आहे, स्त्रियांच्या चळवळीला जाते.

तो काळ आठवून पाहावा. विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली शस्त्रक्रिया पाऊणशे वर्षे प्रमाण मानली गेली. तीत स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथीही काढून टाकत. गाठीचा तुकडा तपासण्यासाठी बाईला भूल दिली जाई, आणि ती भुलेतच असताना कर्करोग निघाला तर लगेच पुढची शस्त्रक्रिया उरकली जाई. आपला स्तन राहिला की गेला, हे तिला शुद्धीवर आल्यावर कळे. रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने स्वतःच्या आजारपणात या पद्धतीला नकार दिला आणि मग तिच्याविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. १९७४ च्या सप्टेंबरमध्ये अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया लपवून न ठेवता देशाला सांगितली. काही आठवड्यांतच नियोजित उपाध्यक्षांच्या पत्नी हॅपी रॉकफेलर यांचीही तीच बातमी आली. देशभर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि नोंदलेल्या रुग्णांचा आकडा एकदम वर गेला.

ज्या रोगाचे नाव घरात कुजबुजत घेतले जाई, तो पंधरा वर्षांत राजकारणाचा विषय झाला. १९९१ साली नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोॲलिशन स्थापन झाली. १९९२ साली गुलाबी फीत आली. तोवर औषधांच्या चाचण्यांत स्त्रियांना बाजूला ठेवण्याची रीत होती आणि त्यांच्या दुखण्यांवर संशोधनाचा पैसा तुटपुंजा जाई. त्या पार्श्वभूमीवर ‘हा आमचा रोग आहे’ असे ठणकावून सांगणे ही काळाची गरज होती. पुरुषाला बाहेर ढकलण्याचा विचार त्यात नव्हता. तो तिथे आहे, हेच कोणाच्या लक्षात नव्हते.

तपासणीचे शास्त्रही स्त्रियांवरच उभे राहिले होते. मॅमोग्राफीने मृत्यू टळतात का, हे पाहणारी पहिली मोठी चाचणी १९६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. तीत चाळीस ते चौसष्ट वर्षांच्या सुमारे ६२ हजार स्त्रियांचा समावेश होता. पुरुषांत हा रोग इतका विरळा आहे की निरोगी पुरुषांची सरसकट तपासणी करणे वैद्यकीयदृष्ट्या व्यर्थ ठरते, आणि हे आजही खरे आहे.

ऑगस्ट १९९० मध्ये अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी ‘ब्रेस्ट अँड सर्व्हायकल कॅन्सर मॉर्टॅलिटी प्रिव्हेन्शन ॲक्ट’ या कायद्यावर सही केली. विमा नसलेल्या गरीब स्त्रियांना मॅमोग्राम आणि पॅप चाचणी मोफत मिळावी, यासाठी राज्यांना अनुदान देणारा हा कायदा. अंमलबजावणी रोगनियंत्रण केंद्राकडे, म्हणजे सीडीसीकडे सोपवली गेली. अनुदान कशासाठी, हे सांगताना कायद्याने लिहिले : स्त्रियांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याकरिता.

या वाक्यात वावगे काही नव्हते. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुरुषाला होऊच शकत नाही. स्तनाच्या कर्करोगाची सरसकट तपासणी पुरुषासाठी निरर्थक. एकाच दवाखान्यात, एकाच भेटीत दोन्ही चाचण्या उरकाव्यात हा व्यवहारही शहाणपणाचा. दोन रोग एका दावणीला बांधले गेले आणि ‘स्त्रिया’ हा शब्द आपोआप वाक्यात येऊन बसला.

या कायद्यात दुसरीच एक मोठी खोट होती आणि ती लवकरच दिसू लागली. तपासणीला पैसे होते, उपचाराला नव्हते. गरीब बाईला सरकारी खर्चाने सांगितले जाई की तुला कर्करोग आहे, आणि पुढे काय, हा प्रश्न तिच्यावर सोडला जाई. उपचारासाठी तिला कुठे तरी पाठवण्याची जबाबदारी राज्यांवर होती, पण हे अनुदान उपचारावर खर्च करायला मनाई होती. परिचारिका आणि कार्यकर्त्या डॉक्टरांना फोन करून फी माफ करायला विनवत. कोणी वर्गणी काढी. निदान करून माणसाला वाऱ्यावर सोडणारी योजना म्हणजे आरोग्यसेवेची थट्टाच होती, आणि चळवळीने ती दहा वर्षे वेशीवर टांगली.

अखेर २४ ऑक्टोबर २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ‘ब्रेस्ट अँड सर्व्हायकल कॅन्सर प्रिव्हेन्शन अँड ट्रीटमेंट ॲक्ट’वर सही केली. सिनेटमध्ये हे विधेयक मांडणारे जॉन चेफी वर्षभरापूर्वीच वारले होते. योगायोग असा की १९९० च्या कायद्याचा क्रमांक होता १०१-३५४ आणि या नव्या कायद्याचा १०६-३५४. शेपटाचा आकडा तोच.

नव्या कायद्याने राज्यांना मुभा दिली की अशा रुग्णांना मेडिकेडमध्ये घ्यावे. खर्चातला संघराज्याचा वाटाही वाढवून दिला. पुढे सर्व राज्यांनी ही तरतूद स्वीकारली. आता पात्रतेचे कलम पाहावे. ते म्हणते, अशी ‘व्यक्ती’, जिचे वय ६५ च्या आत आहे, जिला पुरेसा विमा नाही, जिला स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचाराची गरज आहे, आणि जिची तपासणी सीडीसीच्या त्या कार्यक्रमाखाली झालेली आहे.

शेवटची अट पुन्हा वाचावी. ‘तो कार्यक्रम’ म्हणजे १९९० चा कार्यक्रम, आणि तो कार्यक्रम स्त्रियांचा. उपचाराच्या दारावर ‘व्यक्ती’ अशी पाटी लागली, पण त्या दारापर्यंत नेणारा जिना स्त्रियांच्या दालनातून जात होता. दहा वर्षांपूर्वी वैद्यकीयदृष्ट्या रास्त असलेला शब्द, त्यात एका अक्षराचाही फरक न होता, आता पैशाच्या पात्रतेची अट होऊन बसला.

इथे तपासणी आणि उपचार यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. तपासणीची योजना आखताना सरकार समूहाकडे पाहते : लाख निरोगी माणसे तपासली तर किती रोगी सापडतील, त्यावर किती खर्च होईल? या हिशेबात पुरुषाला वगळणे बरोबर आहे. उपचार मात्र एका माणसाचा असतो, आणि त्याची गाठ आधीच सापडलेली असते. रोग विरळा आहे, ही सबब त्याला सांगून उपयोग नाही, कारण त्याच्यापुरता तो शंभर टक्के झालेला आहे. २००० च्या कायद्याने पहिला हिशेब उचलून दुसऱ्या प्रश्नाला लावला.

मग त्या पुरुषाने मेडिकेडच्या दुसऱ्या एखाद्या दाराने आत का शिरू नये? त्यासाठी मेडिकेडची घडण पाहावी लागते. ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी या योजनेवर सही केली, तेव्हापासून ती केवळ गरिबीवर उभी नव्हती. गरीब असून शिवाय कोणत्या तरी वर्गात मोडणे आवश्यक होते : लहान मुले, त्यांचे पालक, गरोदर स्त्रिया, वृद्ध, अंध आणि अपंग. धडधाकट, अपत्यहीन, कमावत्या वयाचा माणूस कितीही दरिद्री असला तरी बहुतेक राज्यांत त्याला वर्गच नव्हता. त्याने काम करून पोट भरावे, एवढीच व्यवस्थेची अपेक्षा. इंग्लंडच्या जुन्या दारिद्र्यविषयक कायद्यांपासून चालत आलेला ‘मदतीस पात्र गरीब’ आणि ‘अपात्र गरीब’ हा भेद अमेरिकेच्या कल्याणकारी योजनांत असा मुरलेला आहे. स्तनाच्या कर्करोगाची तरतूद म्हणजे या भिंतीला पाडलेली एक नवी खिडकी होती, आणि तिची चौकट स्त्रियांच्या मापाची होती. अपंगत्वाचा मार्ग उरे. पण आजाराने काम करणे अशक्य झाले आहे हे सिद्ध करण्यात महिने जात, आणि कर्करोग तेवढे थांबत नाही.

कायद्याचे शब्द अढळ होते, बदलता येण्याजोगे नव्हते, असे म्हणावे तर पुढचा इतिहास तसे सांगत नाही.

कायदा होताच राज्यांना कळवण्यात आले की ‘कार्यक्रमाखाली तपासणी’ याचा अर्थ तीन प्रकारे लावता येईल. जिच्या चाचणीचा खर्च सीडीसीच्या पैशातून झाला तीच बाई पात्र, हा सर्वांत अरुंद अर्थ. कार्यक्रमाचा थोडाफार पैसा घेणाऱ्या दवाखान्यात तपासलेली बाईही पात्र, हा दुसरा. आणि राज्याने मान्य केलेल्या कोणत्याही दवाखान्यात तपासलेली बाई पात्र, हा सर्वांत ऐसपैस. ज्या राज्यांनी तिसरा अर्थ घेतला तिथे एखादीला स्वतःहून गाठ जाणवली आणि तिने दुसरीकडे निदान करून घेतले, तरी तिला उपचार मिळू शकत. म्हणजे ‘तपासणी’ हा शब्द ताणता येत होता.

दुसरे उदाहरण मूळ अमेरिकन जमातींच्या स्त्रियांचे. त्यांना इंडियन हेल्थ सर्व्हिसची सेवा मिळते, म्हणून कायद्याच्या भाषेत त्या ‘विमाधारक’ ठरल्या आणि नव्या तरतुदीतून गळल्या. ही चूक लक्षात आल्यावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एक छोटी तांत्रिक दुरुस्ती केली. जानेवारी २००२ मध्ये ती अमलातही आली. मूळ कायद्याला तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. एक वाक्य दुरुस्त करायला संसदेला किती वेळ लागतो, याचे हे उत्तर आहे, अर्थात त्या वाक्यासाठी कोणी तरी दार ठोठावत असेल तर.

खुद्द ‘स्त्रिया’ हा शब्दही पुढे रुंदावला. २०१४ च्या सुमारास सीडीसीने स्पष्ट केले की संप्रेरके घेणाऱ्या किंवा घेतलेल्या पारलिंगी स्त्रियांनाही या कार्यक्रमाखाली तपासणी मिळू शकते. निर्णय योग्यच होता, कारण संप्रेरकांमुळे स्तनाच्या ऊती वाढतात आणि तपासणीला अर्थ येतो. पण त्यावरून एवढे दिसते की शब्दाच्या सीमेवर विचार करणारी माणसे खात्यात होती. गाठ आलेल्या पुरुषापुरता तो विचार पुढे सरकला नाही.

कॅलिफोर्निया राज्याने वेगळी वाट काढली. तिथल्या उपचार योजनेचे दोन भाग केले गेले : एक संघराज्याच्या पैशावर, दुसरा निव्वळ राज्याच्या पैशावर. या दुसऱ्या भागात पुरुष, ६५ च्या पुढचे रुग्ण आणि कागदपत्रे नसलेले स्थलांतरित यांना जागा मिळाली. तिथेही मुदत बांधलेली होती. स्तनाच्या कर्करोगासाठी १८ महिने. म्हणजे त्याच राज्यात, त्याच रोगाच्या, सारख्याच गरीब दोन रुग्णांपैकी बाईचे उपचार गरज असेतोवर चालत आणि पुरुषाच्या बाबतीत दिवस मोजले जात.

अशा भेदभावाला अमेरिकेच्या घटनेत जागा आहे का? या प्रश्नाचा एक मोलाचा पूर्वेतिहास आहे. १९७२ साली न्यू जर्सीत पॉला वायझनफेल्ड ही शिक्षिका बाळंतपणात वारली. घरची मुख्य कमाई तिचीच. मागे नवरा स्टीफन आणि नवजात मुलगा. मुलाला सांभाळण्यासाठी स्टीफनने सामाजिक सुरक्षेचे साहाय्य मागितले, तर कळले की ते साहाय्य फक्त विधवा आईला मिळते. विधुर बापासाठी कायद्यात रकानाच नव्हता. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात लढवला तो रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. स्त्रियांच्या समान हक्कांसाठी झगडणारी ही वकील एका पुरुषासाठी का उभी राहिली? तिचे म्हणणे असे की या भेदाने आधी पॉलावर अन्याय केला. तिने पुरुषांइतकाच कर भरला, पण तिच्या कुटुंबाला पुरुषाच्या कुटुंबाइतके संरक्षण मिळाले नाही. बायको घर सांभाळणार आणि नवरा कमावणार, हे गृहीत धरणारा कायदा दोघांनाही अडकवतो. मार्च १९७५ मध्ये न्यायालयाने एकमताने स्टीफनच्या बाजूने निकाल दिला.

पुढच्याच वर्षी ‘क्रेग विरुद्ध बोरेन’ या खटल्यात न्यायालयाने कसोटी आखून दिली. लिंगावरून भेद करायचा तर सरकारचा हेतू महत्त्वाचा हवा आणि तो भेद त्या हेतूशी खरोखर निगडित हवा. तपासणीच्या अनुदानाला ही कसोटी लावली तर ते बहुधा टिकेल. उपचाराच्या तरतुदीला लावली तर टिकवणे अवघड जाईल, कारण गाठ आलेल्या पुरुषाला वगळून कोणताही आरोग्यहेतू साधत नाही. पण वायझनफेल्डच्या हाताशी वेळ होता. कर्करोगाच्या रुग्णापाशी खटला चालवण्याइतका काळ आणि बळ क्वचितच असते. शिवाय दर वर्षीचे अडीच-तीन हजार पुरुष पन्नास राज्यांत विखुरलेले. त्यांतले बरेच ६५ च्या पुढचे, म्हणजे वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत आधीच सामावलेले. बाकीच्यांपैकी बहुतेकांना नोकरीतून विमा. उरले ते थोडे तरुण, गरीब, एकेकटे. त्यांची संघटना व्हावी तरी कशी?

लाज हाही एक अडसर होता. एडवर्ड ब्रुक हे लोकांनी थेट निवडून सिनेटवर पाठवलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. १९६६ साली ते मॅसॅच्युसेट्समधून निवडून आले. सरकारी घरांत राहणाऱ्या गरिबांचे भाडे उत्पन्नाच्या चतुर्थांशाहून अधिक नसावे, ही १९६९ ची दुरुस्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २००२ साली, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांना स्तनाचा कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया झाली. आयुष्यभर सभा गाजवलेल्या या गृहस्थांनीही ते पुढच्या वर्षीच जाहीर केले. चित्रपट अभिनेते रिचर्ड राउंडट्री यांचे निदान १९९३ मधले. ‘शाफ्ट’ या चित्रपटातला त्यांचा डिटेक्टिव्ह म्हणजे मर्दानगीचा नमुना. त्यांनीही बराच काळ मौन पाळले. ज्या रोगाच्या प्रत्येक माहितीपत्रकावर स्त्रीचे चित्र आहे, तो आपल्याला झाल्याचे सांगणे या दोघांना अवघड गेले, तर साध्या कामगाराची काय कथा!

मौनाची किंमत वैद्यकीय आकड्यांत दिसते. पुरुषांचे निदान सरासरीने अधिक वयात आणि रोग अधिक पसरल्यावर होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात सुमारे १६ हजार पुरुष रुग्णांची तुलना अठरा लाखांहून अधिक स्त्री रुग्णांशी केली गेली. वय, रोगाची पायरी, उपचार हे सारे जमेस धरूनही पुरुषांतील मृत्यूचे प्रमाण अधिकच राहिले. औषधांचे प्रकरणही असेच. चाचण्यांत पुरुष घेतले जात नसत, म्हणून परवान्यावर ‘स्त्रियांसाठी’ असे येई. पाल्बोसिक्लिब या औषधाचा परवाना एप्रिल २०१९ मध्ये पुरुषांपर्यंत वाढवला गेला, तोही नेहमीच्या चाचणीवर नव्हे तर प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवर. स्तनाच्या कर्करोगाच्या चाचण्यांत पुरुषांनाही घ्यावे, अशी अमेरिकी औषध प्रशासनाची अंतिम सूचना २०२० सालची आहे.

आता पुन्हा मेडिकेडकडे. मार्च २०१० मध्ये बराक ओबामा यांचा आरोग्यसेवा कायदा झाला, तेव्हा एकाच फटकाऱ्यात हे वर्गांचे जुने जंजाळ संपेल असे वाटले होते. दारिद्र्यपातळीच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रत्येक प्रौढाला मेडिकेड, मग तो कोणत्याही वर्गातला असो. जानेवारी २०१४ पासून ते लागू व्हायचे होते. दक्षिण कॅरोलायनातील त्या तरुणाचा अर्ज फेटाळला गेला तो या दोन तारखांच्या मधल्या खिंडीत. पण २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हा विस्तार राज्यांवर लादता येणार नाही. ज्या राज्यांनी तो स्वीकारला, तिथे गरीब पुरुषाला स्तनाच्या कर्करोगाच्या खास खिडकीची गरजच उरली नाही. तो गरीब आहे, एवढे पुरे झाले. ज्यांनी नाकारला, तिथे जुनी भिंत आणि जुनी खिडकी तशीच राहिली. नाकारणाऱ्यांत दक्षिण कॅरोलायनाही होते.

त्याच उन्हाळ्यात, ६ ऑगस्ट २०१२ रोजी, आणखी एका कायद्यावर सही झाली, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. शेजारच्या उत्तर कॅरोलायना राज्यात कॅम्प लेज्यून हा नौसैनिकांचा मोठा तळ आहे. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या पिण्याच्या पाण्यात धुलाईची आणि कारखान्यांची रसायने मिसळत होती. तळावर राहिलेल्या, वाढलेल्या पुरुषांपैकी अनेकांना पुढे स्तनाचा कर्करोग झाला, आणि एकमेकांना शोधत त्यांनी आपली यादी बनवली. डझनावारी नावे गोळा झाली. त्यांतल्या काहींनी शर्ट उतरवून, छातीवरचे शस्त्रक्रियेचे व्रण दाखवत एका दिनदर्शिकेसाठी छायाचित्रे दिली. पाणी आणि हा रोग यांचा संबंध किती पक्का, यावर २०१५ च्या सरकारी अभ्यासाने सावध भाषा वापरली, कारण रुग्णसंख्या लहान होती. पण काँग्रेसने त्या निष्कर्षाची वाट पाहिली नव्हती. तळावर ठरावीक काळ राहिलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना पंधरा आजारांसाठी सरकारी उपचार किंवा खर्चाची भरपाई मिळेल, असे तिने २०१२ मध्येच लिहून टाकले होते.

त्या पंधरा आजारांच्या यादीत एके ठिकाणी ‘स्त्रियांमधील वंध्यत्व’ असे आहे. जिथे स्त्रियांपुरतेच म्हणायचे होते तिथे कायद्याने तसा शब्द घातला. यादीत आणखी एके ठिकाणी आहे ‘स्तनाचा कर्करोग’. त्याच्या आधी कोणताही शब्द नाही.